क्षमेनंतरचे देणे

प्रार्थनासभेत साक्ष देण्यासाठी एक बंधू उभे राहिले होते. आवाज भरून आलेला, डोळ्यांत पाणी, हातातले पवित्र शास्त्र छातीशी घट्ट धरलेले. व्यसन, घरातल्यांना दिलेला त्रास, लोकांची केलेली फसवणूक, हे सगळे त्यांनी काही आडपडदा न ठेवता सांगितले आणि शेवटी म्हणाले, "माझे सगळे देणे प्रभूने वधस्तंभावर फेडले. आता माझ्याकडे कोणाचेही काही निघत नाही." सभेतून 'आमेन', 'हालेलूया' असे उद्गार उमटले. मीही आमेन म्हणाले, आणि त्याच क्षणी माझी नजर पुढे बसलेल्या एका बाईंकडे गेली. त्या बंधूंनी त्यांच्याकडून पूर्वी पैसे उसने घेतले होते आणि ते कधी परत आले नव्हते, ही गोष्ट मंडळीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक होती. बाई आमेन म्हणाल्या नाहीत. मांडीवरच्या गीतपुस्तकाच्या पानाचा कोपरा त्यांनी अंगठ्याने दुमडला, सरळ केला आणि पुन्हा दुमडला.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले आहे. त्या बंधूंचा पश्चात्ताप खोटा होता असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. रडणाऱ्या माणसाच्या अंतःकरणाची झडती दुसऱ्याने घेऊ नये. शिवाय त्यांनी जे सांगितले ते ख्रिस्ती विश्वासाचे मर्मच आहे. माणूस आपल्या कर्मांनी नव्हे तर देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो, या एका गोष्टीच्या आधारावर मीही उभी आहे. तरीही देवाने त्यांना क्षमा केली म्हणून त्या बाईंचे देणे संपले का, हा प्रश्न काही केल्या मिटेना. वरवर तो पैशाचा प्रश्न दिसतो. मला तो नियमशास्त्राचा प्रश्न वाटतो. ज्याचे तारण कृपेने झाले आहे, त्याच्या आयुष्यात मोशेच्या आज्ञांना काही काम उरते का, आणि उरत असेल तर ते कोणते?

लहानपणी रविवारच्या शाळेत भिंतीवर दहा आज्ञांचा तक्ता टांगलेला असे. दगडी पाट्यांच्या आकाराच्या दोन कमानी, त्यांत जाड काळी अक्षरे, आणि खाली कपाळाला आठ्या घातलेला मोशे. आम्ही मुले त्या आज्ञा एका सुरात म्हणत असू. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, या आखूड ओळींशी आलो की आमचा वेग वाढे, आणि दहाव्या आज्ञेतल्या शेजाऱ्याचे घर, दास, दासी, बैल, गाढव या यादीत सगळे अडखळत. पुढे मोठेपणी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय शांतपणे वाचला, तेव्हा ध्यानात आले की तक्त्यावर एक वाक्य नव्हतेच. पहिली आज्ञा देण्याआधी देव स्वतःची ओळख सांगतो: मिसर देशातून, दास्यगृहातून तुला बाहेर आणणारा तुझा देव परमेश्वर तो मी आहे. यहुदी परंपरेत तर दहा वचनांपैकी पहिले वचन म्हणून हेच मोजतात. हे वाक्य गाळले की बाकीच्या आज्ञा दरडावल्यासारख्या ऐकू येतात. ते जागेवर ठेवले की क्रम दिसू लागतो. आधी तांबडा समुद्र, मग सीनाय पर्वत. इस्राएल लोकांनी आज्ञा पाळल्या म्हणून त्यांची सुटका झाली नाही, सुटका झाल्यावर त्यांना आज्ञा मिळाल्या. 'अनुवाद' या मोशेच्या पाचव्या पुस्तकात हीच वचने पुन्हा येतात तेव्हा शब्बाथाचे, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचे, कारणही बदलून येते. निर्गमात ते कारण सृष्टीच्या निर्मितीचे आहे. इथे, तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव, तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, असे म्हटले आहे. कालपर्यंत फारोसाठी विटा पाडणाऱ्यांनी उद्या कोणाचे फारो होऊ नये, याची ती तजवीज आहे.

नियमशास्त्राचा उद्देश काय, हे मला मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा त्यातल्या किरकोळ वाटणाऱ्या नियमांनी अधिक शिकवले. यहुदी परंपरेने एकंदर ६१३ आज्ञा मोजल्या आहेत, २४८ 'कर' म्हणणाऱ्या आणि ३६५ 'करू नको' म्हणणाऱ्या. त्यांतल्या कित्येक वाचताना आजचा ख्रिस्ती वाचक पाने भराभर उलटतो. पण मध्येच एखादी आज्ञा अशी भेटते की बोट तिथेच थांबते. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा बांध, नाहीतर कोणी खाली पडून मेला तर रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या काळी सपाट छतावर लोक बसत, झोपत, धान्य वाळवत. तिथे येणारा पाहुणा, खेळणारे मूल, अंधारात चालणारा म्हातारा यांचा विचार घरमालकाने भिंत उभारतानाच करायचा आहे. शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणजे नेमके काय करायचे, असे विचारणाऱ्याला इथे गवंडीकामाने उत्तर मिळते.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातली उसनवारीची आज्ञा तर मला त्याहून जवळची वाटते. शेजाऱ्याला काही उसने दिलेस तर गहाणाची वस्तू घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नको. तू बाहेर उभा राहा, आणि त्याने स्वतः ती वस्तू तुझ्याकडे बाहेर आणून द्यावी. देणेकऱ्याच्या घराचा उंबरा धनकोने ओलांडायचा नाही. घरात काय आहे, काय नाही, बायकोमुलांच्या अंगावर काय आहे, हे पाहण्याचा हक्क त्याला पैसे दिल्याने मिळत नाही. आणि तो माणूस गरीब असेल, गहाण म्हणून त्याने पांघरूणच दिले असेल, तर सूर्यास्ताला ते परत करायचे, कारण रात्री तो कशात झोपणार? पिठाच्या जात्याची तळी किंवा वरचा पाट गहाण घ्यायचा नाही, कारण ते त्या घराचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. इथे देणे माफ करा असे म्हटलेले नाही. देणे खरे आहे, ते फेडायचे आहे. पण देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही माणुसकी त्या व्यवहारातून शाबूत बाहेर यायला हवी. आमोस संदेष्टा पुढे ज्यांच्यावर कडाडला, ते वेदीशेजारी गहाणाच्या वस्त्रांवर आडवे होणारे लोक होते. त्यांची उपासना चालू होती आणि त्यांच्या अंगाखाली कोणा गरिबाचे पांघरूण होते.

त्या साक्षीतले जे मला बोचले, त्याचे नाव मला गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सापडले. एका माणसाने दुसऱ्याचा अपराध केला तर त्याने आपले पाप कबूल करावे, नुकसानीची पूर्ण भरपाई करावी, त्यात पाचवा हिस्सा घालावा, आणि ज्याचा अपराध केला त्याला ते द्यावे. तो माणूस हयात नसेल आणि त्याचा कोणी जवळचा नातलगही नसेल, तर ती भरपाई परमेश्वराची म्हणून याजकाकडे जाते. म्हणजे घेणारा कोणी उरला नाही म्हणून देणे बुडत नाही. प्रायश्चित्ताचा मेंढा त्याशिवाय आहेच. देवाशी समेट आणि माणसाची भरपाई या दोन गोष्टी या नियमात शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि एक दुसरीची जागा घेत नाही. डोंगरावरील प्रवचनात येशू हेच अधिक तीव्र करून सांगतो. वेदीजवळ दान आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी जा, समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. आणि जक्कय, तो जकातदार? येशूला पाहायला तो झाडावर चढला होता तेव्हाच येशूने त्याला हाक मारली, त्याच्या घरी उतरायचे ठरवले; जक्कयाने तोवर काहीच फेडले नव्हते. मात्र कृपा घरात आली आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडले ते नियमशास्त्राच्या भाषेतले होते: कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. निर्गमात चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत असा नियम आहे. क्षमा मिळालेल्या माणसाने कोणाकडे जावे आणि काय घेऊन जावे, हे त्याला त्या जुन्या ग्रंथाने आधीच शिकवून ठेवले होते.

मला नियमशास्त्राविषयी म्हणायचे आहे ते एवढेच. ते देवाकडे जाण्याची किंमत सांगत नाही; देवाने जवळ केलेल्या माणसाला ते शेजारी दाखवते.

पण हे इतके सरळ असते तर प्रेषित पौलाने गलतीकरांस इतके संतापून पत्र लिहिलेच नसते. गलतियातल्या परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना काही जण सांगत होते की ख्रिस्तावरचा विश्वास पुरेसा नाही, सुंता झालीच पाहिजे. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परजातीयांबरोबर एका पंक्तीला बसत होता, आणि यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर तो हळूच मागे सरला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर सुनावले. कारण प्रश्न कोणाच्या पंक्तीला बसायचे एवढाच नव्हता; ज्यासाठी ख्रिस्त मरण पावला तो भाऊ अजून अर्धवट आहे, असे त्या रिकाम्या जागेने सांगितले जात होते. यरुशलेमेच्या सभेत मग असे ठरले की परजातीयांवर मोशेच्या नियमांचे ओझे घालू नये, फक्त मूर्तींना अर्पिलेल्या वस्तू, रक्त, गुदमरवून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून त्यांनी दूर राहावे. इ.स. पन्नासच्या आसपासचा हा निर्णय झाला नसता, तर आज माझ्यासारखी कोणी या मंडळीत असती का, हा विचार मला कृतज्ञतेने गप्प करतो.

आणि पौल त्याहूनही खोल जातो. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो नियमशास्त्राला पवित्र, न्याय्य आणि चांगले म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की त्याच आज्ञेने त्याला मारले. उदाहरण म्हणून तो खून किंवा चोरी घेत नाही, 'लोभ धरू नको' ही शेवटची आज्ञा घेतो. मी हा अध्याय वाचते तेव्हा माझी छाती जड होते, कारण तो खरा आहे हे मला ठाऊक आहे. उसने पैसे परत करता येतात, पण परत करताना मनात आलेली कडवट भावना परत कोणाला करणार? आज्ञा माझ्या हातापर्यंत पोहोचते, मग मनापर्यंत येते, आणि मनात जे आहे ते उजेडात आणून तशीच उभी राहते. ते बदलण्याचे बळ तिच्यात नाही. म्हणून गलतीकरांस पत्रात पौल तिला बालरक्षकाची उपमा देतो. त्या काळच्या सुस्थित घरांत मुलाला शाळेत पोहोचवणारा, वाटेत त्याला वळण लावणारा, प्रसंगी धाक दाखवणारा एक दास असे. मूल वयात आले की त्याचा अधिकार संपे. ख्रिस्तापाशी पोहोचलेल्यावर नियमशास्त्र असा अधिकार चालवत नाही, त्याला दोषी ठरवण्याची त्याची सत्ता संपली आहे, आणि हे मी कोणत्याही किमतीवर सोडणार नाही.

तरी याच पौलाचे एक छोटे पत्र माझ्या प्रश्नाला अधिक नेमके उत्तर देते. फिलेमोनाचा दास अनेसिम पौलाकडे आला, विश्वासणारा झाला, आणि पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो आहे. त्याने धन्याचे काही नुकसान केले असावे. अशा वेळी कृपेचा हा सर्वांत मोठा उपदेशक, त्याचे सगळे पाप धुतले गेले आहे, आता तू काही मागू नको, असे लिहीत नाही. त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे तो लिहितो, आणि पुढे म्हणतो की मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे, मी ते फेडीन. तुरुंगातून लिहिलेला हा कबुलीजबाब आहे. कलस्सैकरांस पत्रात त्याच अनेसिमाचे नाव पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर निघालेला विश्वासू बंधू म्हणून येते, आणि आपल्याविरुद्धचा ऋणलेख देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केला, हे वाक्यही त्याच पत्रात आहे. देवाजवळचा ऋणलेख रद्द झाला म्हणून फिलेमोनाचे खाते कोरे झाले नाही. कोणीतरी ते आपल्या अंगावर घेतले.

मंडळीच्या इतिहासात नियमशास्त्र आणि कृपा या दोन टोकांची ओढाताण कधीच थांबलेली नाही. इ.स. १४४ च्या सुमारास रोममधल्या मंडळीपासून फुटलेल्या मार्कियोनाला मोशेचा देव आणि येशूचा पिता एक वाटेनात. त्याने जुना करार पूर्णपणे बाजूला टाकला आणि लूकचे काटछाट केलेले शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढेच जवळ ठेवले. मंडळीने त्याला नाकारले, आणि कठड्याची, पांघरुणाची, पाचव्या हिश्शाची आज्ञा आपल्या शास्त्रात राहिली. धर्मपंडित ऑगस्टिनने पुढे नियमशास्त्र आणि कृपा यांना एका वाक्यात बांधले: कृपा शोधली जावी म्हणून नियमशास्त्र दिले, आणि नियमशास्त्र पाळले जावे म्हणून कृपा दिली. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात तिचा पुढारी ल्यूथर यालाही आपल्याच जवळच्या माणसाशी, योहान आग्रिकोलाशी, झगडावे लागले. पश्चात्ताप नियमशास्त्रातून नव्हे तर सुवार्तेतूनच शिकवावा, असे आग्रिकोलाचे म्हणणे होते. ज्याने आयुष्यभर कृपेसाठी लढा दिला त्या ल्यूथरने १५३७ पासून त्याच्याविरुद्ध जाहीर वादविवाद मांडले, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.

त्याच शतकातल्या, विश्वासाचे शिक्षण देणाऱ्या दोन प्रश्नोत्तरमालांची मांडणी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरमालेत दहा आज्ञा सर्वांत आधी येतात, मग विश्वासांगीकार, मग प्रभूची प्रार्थना. आधी रोग कळावा आणि मग औषध, असा तो क्रम आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरमालेचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दुर्दशा कशावरून कळते या प्रश्नाला तिथेही उत्तर 'देवाच्या नियमशास्त्रावरून' असेच आहे. पण दहा आज्ञांचे एकेक करून विवेचन मात्र तिसऱ्या भागात, कृतज्ञतेच्या भागात ठेवले आहे. एकाच नियमशास्त्राला दोनदा बोलावले आहे, एकदा आरोप करण्यासाठी आणि एकदा आभार कसे मानायचे ते शिकवण्यासाठी. माझा कल या दुसऱ्या मांडणीकडे आहे हे मी लपवत नाही, कारण निर्गमाच्या विसाव्या अध्यायाचा क्रम तिने राखला आहे. शिवाय ती खोटा दिलासा देत नाही. परमपवित्र माणसांनाही या जन्मात अशा आज्ञाधारकपणाची लहानशी सुरुवातच साधते, असे ती तिथेच स्वच्छ सांगते.

एवढे लिहूनही काही पाने माझ्या घशाखाली उतरत नाहीत. कठड्याची आज्ञा असलेल्या ग्रंथाच्या आदल्याच अध्यायात बंडखोर मुलाला दगडमार करण्याचा नियम आहे; शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगणाऱ्या लेवीय या पुस्तकात परदेशी दास वारशाने पुढच्या पिढीला देण्याची मुभा आहे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसने नियमशास्त्राचे नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक असे भाग पाडले, पहिला कायमचा आणि उरलेले दोन ख्रिस्ताबरोबर संपलेले. ही विभागणी उपयोगी आहे, पण तिने माझे पूर्ण समाधान होत नाही, कारण कठडा कोणत्या भागात घालायचा? तो घरबांधणीचा नियमही आहे आणि प्रीतीही आहे. मला अधिक आधार येशूच्या वाचनाचा वाटतो. सूटपत्राविषयी, म्हणजे बायकोला सोडचिठ्ठी देण्याविषयी, त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे मोशेने ती मुभा दिली, प्रारंभापासून तसे नव्हते. म्हणजे नियमशास्त्रातही माणसाच्या निगरगट्टपणाशी केलेली तडजोड आहे, आणि ती ओळखण्याची मोजपट्टी येशू देतो: देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती, जिच्यावर सगळे नियमशास्त्र आणि संदेष्टे अवलंबून आहेत. वाळलेल्या हाताच्या माणसाला त्याने शब्बाथ दिवशी सभास्थानाच्या मध्यभागी उभे केले आणि जमलेल्यांकडे रागाने, खेदाने पाहिले, असे मार्क लिहितो. शब्बाथाची आज्ञा त्याने मोडीत काढली असे मला वाटत नाही. ज्याच्या विसाव्यासाठी ती दिली होती तो माणूस त्याने मध्ये आणला. कठीण पानांपुढे मी अजूनही थांबते, आणि तिथे थांबणे मला अश्रद्धा वाटत नाही.

आज्ञा उपासनेत कुठे वाचायच्या, यावरही मंडळ्यांनी वेगवेगळा विचार केला आहे. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या स्ट्रासबर्गमधल्या उपासनेत पापकबुली आणि क्षमेच्या घोषणेनंतर दहा आज्ञा गायल्या जात. इंग्लंडच्या मंडळीने १५५२ च्या प्रार्थनापुस्तकात त्या प्रभुभोजनाच्या विधीच्या आरंभी घातल्या, आणि प्रत्येक आज्ञेनंतर लोकांनी म्हणायचे: प्रभू, आमच्यावर दया कर आणि ही आज्ञा पाळायला आमची मने वळव. दया आणि मनाचे वळण, दोन्ही एकाच दमात मागायचे. फक्त दया मागून खाली बसण्याची सोय त्या ओळीत नाही. नऊ वेळा हा प्रतिसाद तसाच येतो. दहावी आज्ञा, लोभाची, पौलाला जिने गाठले तीच, कोणत्याही न्यायाधीशाला तपासता येत नाही आणि कोणत्याही भरपाईने पुरी होत नाही. तिच्यानंतर मात्र प्रतिसाद बदलतो आणि लोक यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेल्या, देव करणार असलेल्या नव्या कराराच्या वचनातले मागणे मागतात, की प्रभू, आमच्यावर दया कर आणि तुझे हे सगळे नियम आमच्या हृदयांवर लिही.